आधी खोपटी, मग हवेली: लुइझियानाच्या रिव्हर रोडवर एक दिवस

[दृश्य: चालत्या गाडीतून. डावीकडे गवताळ बांध, उजवीकडे ऊस.]

रस्त्याचं नाव रिव्हर रोड, पण गाडीत बसून नदी काही दिसत नाही. डाव्या हाताला गवताने झाकलेला मातीचा उंच बांध सोबतीला असतो आणि मिसिसिपी त्याच्या पलीकडे. मधूनच बांधाच्या वर एखाद्या मालवाहू जहाजाचा वरचा मजला सरकताना दिसतो, तेव्हा कळतं की पाणी तिथं आहे. उजवीकडे ऊस. उसाच्या मागे कुठे रसायनांच्या कारखान्याच्या चिमण्या, कुठे ओकच्या झाडांआड पांढऱ्या खांबांची हवेली.

न्यू ऑर्लिन्स आणि बॅटन रूज या दोन शहरांमधला हा पट्टा. अमेरिकेच्या दक्षिणेतली जुनी प्लँटेशन घरं, म्हणजे गुलामांकडून पिकवून घेतलेल्या मोठ्या मळ्यांवरची मालकांची घरं, पाहायची आणि हाताशी एकच दिवस असेल, तर इथं यावं. घरं इतकी जवळजवळ का, याचं कारण जमिनीच्या वाटणीत आहे. फ्रेंचांनी इथली जमीन फितीसारखी कापून दिली: नदीकडचं तोंड अरुंद आणि मागे दलदलीपर्यंत लांबच लांब पट्टी. माप आरपाँचं. एक आरपाँ म्हणजे सुमारे १९२ फूट, आणि पट्टीची लांबी बहुधा ४० आरपाँ, म्हणजे दीड मैलाला थोडी कमी. माल नदीनेच जायचा, त्यामुळे प्रत्येक मालकाला नदीचा तुकडा हवा होता. शिवाय नदीलगतची जमीनच तेवढी उंच आणि कोरडी. म्हणून घरं सगळी एका ओळीत आली.

एका दिवसात तीन घरं होतात. चौथं कोंबायला जाऊ नये. गाइडचं बोलणं कानावरून जातं आणि लक्षात राहतात ती फक्त वाहनतळं. आमच्या मते तीन नावं अशी: व्हिटनी, लॉरा आणि ओक अ‍ॅली. आणि याच क्रमाने. बहुतेक लोक ओक अ‍ॅलीपासून सुरुवात करतात, कारण फोटो तिचा पाहिलेला असतो. मग ओकच्या सावलीतून गुलामांच्या खोपटांकडे जाताना ती खोपटी हवेलीच्या मागची एक नोंद वाटतात. क्रम उलटा केला की हवेली कोणाच्या जिवावर उभी राहिली, हे माहीत असताना आपण तिच्यासमोर येतो.

[दृश्य: नकाशा. आय-१० महामार्ग, नदीची वळणं, ग्रामर्सीजवळचा पूल.]

आधी दिवस ठरवा. व्हिटनी मंगळवारी बंद असतं, त्यामुळे मंगळवार बाद. जून ते सप्टेंबर हवा अशी दमट की अकरालाच अंगरखा पाठीला चिकटतो, आणि व्हिटनीची पाहणी जवळजवळ सगळी उघड्यावर आहे. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. ऑगस्ट २०२१ मधल्या आयडा वादळाने याच गावांना झोडपलं होतं. मार्च-एप्रिल उत्तम. त्याहून बरा नोव्हेंबर, कारण तेव्हा ऊसतोड चालू असते आणि जे ऐकायला आलो ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसत असतं.

तिकिटं घरच्या घरी ऑनलाइन काढावीत. प्रत्येक ठिकाणी माणशी पंचवीस-तीस डॉलरच्या आसपास धरून चाला. लॉराला घर फक्त गाइडबरोबर पाहता येतं आणि ठरलेल्या वेळेची तुकडी चुकली की पुढच्या तुकडीपर्यंत थांबावं लागतं. म्हणून लॉराची वेळ आधी पक्की करा आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा.

जुन्या प्रवासलेखांवर विसंबू नका. त्यांत नॉटोवे हमखास सापडेल: १८५९ ची, ६४ खोल्यांची प्रचंड हवेली. ती १५ मे २०२५ रोजी आगीत जळाली. एव्हरग्रीनचंही नाव दिसेल. तिथे गुलामांची २२ खोपटी मूळ जागी, दोन ओळींत अजून उभी आहेत, पण मालमत्ता खाजगी आहे. चौकशी न करता फाटकाशी जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही.

न्यू ऑर्लिन्सहून पावणेआठ-आठला निघावं. आय-१० ने पश्चिमेकडे, १९४ क्रमांकाच्या एक्झिटला बाहेर, मग सरळ दक्षिणेला ग्रामर्सीच्या पुलावरून नदी ओलांडायची आणि खाली उतरून हायवे १८ वर डावीकडे वळायचं. तास-सव्वा तास लागतो. चूक होते ती पुलापाशी. फोनच्या नकाशावर नदीपलीकडचं घर बोटभर अंतरावर दिसतं, पण पूल मोजकेच आहेत. चुकीच्या काठावर उतरलात तर समोरच्या घरासाठी अर्ध्या-पाऊण तासाचा वळसा पडतो. या तिन्ही जागा पश्चिम काठावर आहेत, एवढं पाठ करून ठेवा.

गाडी नसेल तर न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टर या जुन्या वस्तीजवळून सुटणाऱ्या बस-सहली आहेत. त्यांत सहसा एक किंवा दोनच घरं असतात. अ‍ॅपवरची टॅक्सी शहरातून सोडायला येईल, पण परतीला इथे टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका. आणि ह्यूस्टनहून लाँग वीकेंडला निघणारी मराठी मंडळी: इथवर पाचेक तासांचं ड्रायव्हिंग आहे. त्याच दिवशी घरं पाहून परतायचा बेत करू नका, बॅटन रूजला मुक्काम टाका.

[दृश्य: व्हिटनी. ग्रॅनाइटच्या भिंतीवर कोरलेली नावं. कॅमेरा अगदी जवळ.]

व्हिटनीची सुरुवात १७५२ सालची; आम्ब्रोझ हायडेल या जर्मन स्थलांतरिताने ही जमीन घेतली. संग्रहालय म्हणून ते उघडलं डिसेंबर २०१४ मध्ये. न्यू ऑर्लिन्सचे वकील जॉन कमिंग्ज यांनी मालमत्ता घेऊन स्वतःचा पैसा ओतला. संशोधनाची बाजू सेनेगलचे इतिहासकार इब्राहिमा सेक यांनी सांभाळली. इथला सगळा रोख गुलामीत ठेवलेल्या माणसांवर आहे. मालकाचं घर पाहणीत आहे, पण झुंबरं आणि चिनीमातीची भांडी पाहायला आलेल्यांची निराशा होते. होऊ दे.

गाइड 'गुलाम' हा शब्द टाळतात आणि 'गुलाम केलेली माणसं' म्हणतात, ते उगाच नाही. गुलामी हा त्या माणसाचा गुण नव्हता, त्याच्यावर केलेली कृती होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केलं, ते ही प्रथा मोडण्यासाठी झटलेले लोक होते. प्रथा म्हणजे नेमकं काय, ते या भिंतीवर वाचता येतं. साडेतीनशेहून अधिक नावं, तीही फक्त पहिली. कुठे त्या व्यक्तीचं मूळ, कुठे तिचं कसब. आडनावं नाहीत, कारण मालकाच्या यादीत ती नव्हती.

पुढे लहान मुलांचं स्मारक आहे: या एका परगण्यात गुलामीत जन्मून बालपणीच गेलेल्या २,२०० मुलांची नावं. इथे घाई करू नका. व्हिटनीसाठी दोन तास ठेवा, टोपी आणि पाणी बरोबर घ्या, बूट बंद घाला; पावसानंतर वाटा चिखलाच्या असतात आणि डास दिवसाही चावतात.

[दृश्य: गवतात ठेवलेल्या लोखंडी काइली, मोठीपासून लहानीपर्यंत.]

इथं मराठी माणूस जरा जास्त वेळ थांबतो. या काइली त्याने पाहिलेल्या असतात. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात एका काइलीत रस आटवून गूळ होतो; इथे एका चुल्हाणावर काइलींची रांग असायची. जाळ सगळ्यांत लहान काइलीखाली, आणि त्याची धग बोळातून पुढच्या मोठ्या काइलींखाली जाई. रस मोठीत पडायचा, मळी काढत, लांब दांड्याच्या पळ्यांनी तो पुढच्या लहान काइलीत उपसायचा, असं करत शेवटच्या काइलीत दाणा धरायचा. सगळं हाताने, उकळत्या पाकाशेजारी, रात्रपाळीतही.

रात्रपाळी का, ते हवामानात आहे. आपल्याकडे आडसाली ऊस दीड वर्ष उभा राहतो. लुइझियानात हिवाळ्यात दहिवर गोठतं, त्यामुळे उसाला जेमतेम नऊ महिने मिळतात. ऑक्टोबरपासून कडाक्याची थंडी येईपर्यंत सगळा ऊस तोडून, गाळून संपवायचा. गोठलेला ऊस आंबतो, साखर धरत नाही. १७९५ मध्ये एत्येन द बोरे यांनी इथल्या रसापासून दाणेदार साखर काढून दाखवली आणि काठचे मळे उसाकडे वळले. मग हंगामात चरक चोवीस तास चालू, माणसं सोळा-अठरा तास कामाला. चरकात हात जायचे, पाकाने अंग भाजायचं. या ऊसपट्ट्यात गुलामांमध्ये जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते, आणि तूट भरून काढायला नवी माणसं विकत आणली जात.

आपल्या साखर कारखान्यांत रस आटवायला एकामागून एक भांडी असतात आणि एकाची वाफ दुसऱ्याला तापवते. ही पद्धत न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेल्या नोर्बेर रिलियू या स्वतंत्र कृष्णवर्णीय अभियंत्याने १८४० च्या दशकात पेटंट केली. सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे नाव माहीत असायला हवं होतं.

व्हिटनीतच १८११ च्या उठावाचं स्मारक आहे. ८ जानेवारी १८११ च्या रात्री शार्ल देलाँद याच्या पुढारीपणाखाली याच नदीकाठच्या मळ्यांतली माणसं हाताला लागेल ते हत्यार घेऊन न्यू ऑर्लिन्सकडे निघाली. काही दिवसांत उठाव चिरडला गेला आणि मारलेल्यांची मुंडकी नदीकाठी खांबांवर लावली गेली. स्मारकात सळयांवर मातीची मुंडकी आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर आधी विचार करा.

[दृश्य: लॉरा. पिवळं, लाल, हिरवं घर, विटांच्या खांबांवर उचललेलं.]

व्हिटनीहून लॉरा गाडीने पंधरा मिनिटांच्या आत. १८०५ च्या सुमाराचं हे क्रिओल घर, म्हणजे इथल्याच फ्रेंच बोलणाऱ्या जुन्या रहिवाशांच्या पद्धतीचं, भडक रंगाचं आहे. पांढरा रंग आणि ग्रीक खांब ही इंग्रजी बोलणाऱ्यांची आवड. घर जोत्यावर उचललेलं, कारण नदीचा भरवसा नव्हता. आत लांब बोळ नाही, खोलीतून खोलीत जायचं आणि हवा खायची ती ओसरीवर. सायप्रस झाडाच्या लाकडाच्या तुळया आधी कापून, खुणेचे आकडे कोरून, मग जोडल्या; ते आकडे वर नजर टाकली तर दिसतात. ऑगस्ट २००४ मध्ये आग लागून घराचा मोठा भाग गेला. आज दिसतं त्यात नवं किती, हे गाइडला विचारा, सांगतात.

मागची खोपटी १८४० च्या सुमाराची. एका छपराखाली दोन कुटुंबं, मधे सामाईक चूल. गुलामी १८६५ ला संपली, पण ही खोपटी रिकामी झाली १९७७ मध्ये. मधली शंभरावर वर्षं तीच कुटुंबं मजुरीवर इथेच राहत होती.

जेवणाचं आधीच ठरवा. रस्त्यावर हॉटेलं मोजकी आहेत. शाकाहारी मंडळींनी 'रेड बीन्स अँड राइस' पाहून खूश होऊ नये. तो राजमा-भात दिसतो, पण घेवडा बहुधा डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेला असतो. गम्बो या इथल्या दाट रश्श्याचंही तसंच, अगदी पालेभाजीच्या गम्बोचंसुद्धा. ठेपले किंवा दशम्या गाडीत असू द्याव्यात.

[दृश्य: ओक अ‍ॅली. बांधाकडून घराकडे जाणारी झाडांची दुतर्फा रांग.]

तीनच्या आसपास ओक अ‍ॅलीला पोचलात तर सकाळच्या बसगाड्या परतीला लागलेल्या असतात. २८ ओक, चौदा-चौदाच्या दोन ओळी. घराला खांबही २८. झाडं घराहून सुमारे शंभर वर्षांनी मोठी. घर १८३७ ते १८३९ मध्ये झाक तेलेस्फोर रोमां याच्यासाठी गुलामांनी बांधलं. फोटो काढा, बांधावर चढून नदीही पाहा.

मग घरात जाण्याआधी पुन्हा बांधलेल्या खोपटांकडे वळा आणि आंत्वान हे नाव शोधा. तो इथला माळी, गुलाम. पिकान या अक्रोडासारख्या सुक्या मेव्याच्या बीपासून लावलेलं झाड आईसारखं निघेलच असं नाही. हापूसची कोय पेरली तर काय होतं, ते कोकणात कुणालाही विचारा. १८४६-४७ च्या हिवाळ्यात आंत्वानने पातळ कवचाच्या, हाताने फुटणाऱ्या पिकानच्या फांद्यांची १६ कलमं यशस्वी केली. हीच जात पुढे 'सेंटेनियल' म्हणून ओळखली गेली आणि १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात बक्षीस घेऊन आली. बक्षिसाशी त्याचं नाव जोडलेलं नव्हतं. त्याचं नाव सापडतं ते १८४८ च्या मालमत्तेच्या यादीत, आणि नावापुढे कसब लिहून किंमत टाकली आहे: १,००० डॉलर. दुकानात पिकान घातलेली प्रालीन मिळते, बर्फीच्या जवळ जाणारी.

हाताशी अर्धाच दिवस असेल तर हे सगळं सोडून पूर्व काठावरचं डेस्ट्रेहान हे प्लँटेशन घर पाहा. विमानतळाहून जवळ आहे, आणि १८११ च्या उठावातल्या काही माणसांवर तिथेच खटला चालला.

[दृश्य: संध्याकाळ. रस्त्यावर उसाचा ट्रेलर.]

साडेचारच्या आत निघा. आय-१० परतीला दलदलीवरच्या लांब पुलांवरून जातो. तिथे अपघात झाला की बाहेर पडायला वाटच नसते. निघण्याआधी नकाशा पाहा, आणि लाल रेघ दिसली तर पश्चिम काठावरूनच हायवे ३१२७ ने आय-३१० गाठा. हंगामात या रस्त्यांवर उसाचे ट्रेलर असतात, टायरांनी आणलेला चिखल वळणावर पडलेला असतो, आणि अंधारात ट्रेलरबाहेर आलेली उसाची टोकं शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. अंतर ठेवा.