पहिलं पान नसलेलं पुस्तक

(दृश्य: पुणे, मंगळवार पेठेतला जुना बाजार. रविवार सकाळ.)

निवेदन:

हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पान्हे, नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं, आणि मध्येच ताडपत्रीवर पुस्तकांचा ढीग. विषयवार मांडणी वगैरे विसरा. बारावीच्या गाइडखाली ज्ञानेश्वरी, तिच्याखाली कुठल्याशा पंपाची माहितीपुस्तिका. उकिडवं बसायचं आणि एकेक उचलायचं. शिंका येणार, त्याला इलाज नाही.

(जवळून: हातातलं पुस्तक.)

हे बघा. वरचा पुठ्ठा गेलाय, पहिली चार पानंही गेलीत. लेखक कोण, साल कुठलं, काही पत्ता नाही. पहिलं पान असतं तर काम सोपं होतं. जुन्या पुस्तकांवर बरेचदा शक असतो. शके 1831 दिसलं, की 78 मिळवा: 1909.

इथे ती सोय नाही. मग मजकूर बघायचा. 'घरीं', 'त्यानें', 'मुलें'. असे अनुस्वार असले, की पुस्तक बहुधा 1962च्या आधीचं. त्या वर्षी शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि हे अनुस्वार गेले. 'बहुधा' अशासाठी, की जुन्या वळणाची माणसं सहजासहजी ऐकत नाहीत.

आता मागची बाजू. सुदैवाने हा पुठ्ठा शाबूत आहे. किंमत आण्यांत असती, तर 1957च्या आधीचं म्हटलं असतं. त्या एप्रिलपासून रुपयाचे शंभर पैसे झाले. पण इथे छापलंय '2 रु. 50 न. पै.' नवे पैसे! यातलं 'नवे' 1964 साली गेलं. वर अनुस्वारही आहेतच. म्हणजे 1957 ते 62. पाच वर्षांत गाठलं की नाही?

आत एका वाचनालयाचा जांभळा शिक्का, पुसट. सव्वीसाव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय: 'खोटं!' मला अशीच प्रत आवडते. कोरी करकरीत प्रत कुणी उघडलेलीच नसते.

भाव विचारताना मात्र चेहरा कोरा ठेवायचा. डोळे चमकले, की पन्नासाचे दोनशे झालेच.

"कितीला हे?"

"काका, त्याला पहिलं पानच नाय. तीस द्या."

पन्नासाची नोट दिली. सुटे नव्हते. उरलेल्या विसांत त्याने बारावीचं गाइड पुढे केलं.