जकातीच्या भिंतीबाहेरचं शहर

श्रोतेहो, नमस्कार.

पॅरिसच्या वायव्य अंगाला, सीन नदीच्या काठावर लवाल्वा-पेरे नावाचं एक छोटं शहर आहे. क्षेत्रफळ २.४ चौरस किलोमीटर. एवढ्या जागेत ६५ हजारांहून जास्त माणसं राहतात, म्हणजे चौरस किलोमीटरला साधारण २७ हजार. अंदाज यावा म्हणून सांगतो, २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याचा हाच आकडा २१ हजारांच्या आत होता, आणि खुद्द पॅरिसचा २० हजारांच्या घरात आहे. युरोपातल्या सर्वांत दाट वस्तीच्या शहरांत लवाल्वाची गणना होते. आता हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर उंचच उंच टॉवर उभे राहिले असतील, तर ते पुसून टाका. सरळ आखलेले रस्ते, काटकोनात छेदणारे चौक, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून उभ्या सहा-सात मजली इमारती, तळमजल्यावर बेकरी, औषधाचं दुकान, कॅफे, असा तिथला सर्वसाधारण नमुना. दोन इमारतींच्या मध्ये फट सोडायची नाही, या एका सवयीतूनच बरीचशी घनता येते.

पण पॅरिसला इतकं चिकटून असलेलं हे शहर पॅरिसमध्ये का नाही? याचं उत्तर एका भिंतीत आहे. १८४० च्या दशकात पॅरिसभोवती नवी तटबंदी बांधली गेली. १८६० साली तटाच्या आतली सगळी गावं पॅरिसमध्ये घेतली, तटाबाहेरची बाहेर राहिली. तट लष्करी होता खरा, पण रोजच्या व्यवहारात तिथं वसूल व्हायची ती जकात. दारू, कोळसा, लाकूड, गुरांचा चारा, जे काही वेशीतून आत जाईल त्यावर कर. आपल्याकडच्या जकात नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यापुढचं समजवायला नको. कारखानदारानं हिशेब केला. कोळसा आणि लोखंड आत नेऊन त्यावर कर कशाला भरायचा? वेशीच्या बाहेरच भट्टी पेटवू. गिऱ्हाईक चार पावलांवर, आणि जमीन स्वस्त.

जमीन विकणारेही तयारच होते. पेरे नावाच्या गृहस्थांनी १८२२ पासून इथल्या शेतांचे तुकडे पाडायला सुरुवात केली होती. १८४५ च्या सुमाराला निकोला लवाल्वा यांनी शेजारीच मोठी आखणी केली. आजचे ते काटकोनातले रस्ते त्यांच्याच हिशेबी डोक्यातून आले. प्लॉट पाडणाऱ्याला चौकोन आवडतो, जमीन वाया जात नाही. १ जानेवारी १८६७ रोजी क्लिशी आणि नॉयी या दोन गावांचे भाग काढून हे स्वतंत्र नगर झालं, आणि नाव पडलं ते या दोन जमीनविक्यांचं! राजा नाही, संत नाही, सेनापती नाही. फ्रान्समध्ये संतांच्या नावाची गावं पैशाला पासरी, म्हणून हे मला फार आवडतं.

याच सुमाराला ग्युस्ताव आयफेल नावाच्या तरुण इंजिनिअरनं इथं आपला कारखाना टाकला. पुढं न्यूयॉर्कच्या बंदरात उभ्या राहिलेल्या स्वातंत्र्यदेवतेचा लोखंडी सांगाडा इथं तयार झाला. आणि मग आला आयफेल टॉवर. आपण टॉवरचा फोटो पाहतो तेव्हा तो पॅरिसमध्ये बांधला असं म्हणतो. खरं तर पॅरिसमध्ये तो जोडला गेला. घडला तो लवाल्वात. सुमारे १८ हजार सुटे भाग. प्रत्येकाचं वेगळं रेखाचित्र, आणि रिव्हेटच्या, म्हणजे तुकडे जोडणाऱ्या लोखंडी खिळ्यांच्या, भोकांची जागा मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत आखलेली. एकूण २५ लाख रिव्हेटांपैकी सुमारे दोन-तृतीयांश कारखान्यातच ठोकलेले. तयार तुकडे घोडागाड्यांवर लादून शहर ओलांडून जायचे. जागेवर एखादा तुकडा नीट बसला नाही तर तिथं कानस चालवायची नाही, तो परत लवाल्वाला पाठवायचा, असा दंडक होता. म्हणूनच १८८७ च्या जानेवारीत पायाचं काम सुरू झालं आणि १८८९ च्या मार्चअखेर तीनशे मीटरचा मनोरा उभा होता. सगळं कौतुक जोडणाऱ्यांच्या वाट्याला गेलं. उंचावर लटकून काम करणाऱ्या माणसांचे फोटो निघतात, कारखान्यात भोकं पाडणाऱ्याचा कोण काढणार?

लोखंडामागून मोटारी आल्या. आदोल्फ क्लेमाँ यांचा मोठा कारखाना इथं होता, तो १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सित्रोएन कंपनीनं घेतला. १९४९ पासून इथं जी गाडी बनू लागली, ती म्हणजे ‘द शव्हो’, दोन अश्वशक्तीच्या कराच्या गटातली साधीसुधी मोटार. शेतकऱ्यानं दोन माणसं आणि पन्नास किलो बटाटे घालून बाजाराला जावं, हा तिच्यामागचा मूळ विचार. पत्रा पातळ, आसनं बागेतल्या खुर्च्यांसारखी. लोक हसले, आणि नंतर तीच गाडी मिळावी म्हणून वर्षानुवर्षं नंबर लावून बसले. इथलं उत्पादन १९८८ च्या फेब्रुवारीत थांबलं.

या कामगारांचं शहर कसलं असणार? अर्थात लाल. लुईझ मिशेल ही शाळामास्तरीण १८७१ च्या पॅरिस कम्युनमध्ये, म्हणजे सरकारविरुद्धच्या पॅरिसच्या उठावात, लढली. सरकारनं तिला थेट पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनियाला हद्दपार केलं. १९०५ साली ती मार्सेयला वारली, पण तिला माती मिळाली ती लवाल्वाच्या दफनभूमीत, आईच्या शेजारी. अंत्ययात्रेला हजारोंचा लोंढा लोटला होता. १९३७ मध्ये मेट्रोची तीन नंबरची लाइन इथपर्यंत आली, आणि १९४६ साली एका स्टेशनला तिचं नाव दिलं गेलं. त्याच दफनभूमीत ग्युस्ताव आयफेल आहेत आणि संगीतकार मोरिस राव्हेलही. कारखान्याचा मालक, बंडखोर बाई आणि वाद्यवृंदाचा जादूगार, तिघं एकाच कुंपणात! जागेच्या टंचाईचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

विसाव्या शतकात बराच काळ इथल्या नगरपालिकेवर कम्युनिस्टांचा झेंडा होता. १९८३ साली तो उतरला. पात्रिक बाल्कानी महापौर झाले, आणि मधली सहा वर्षं सोडली तर २०२० पर्यंत राहिले. कारखाने आधीच आचके देत होते. त्यांच्या जागी कंपन्यांची कार्यालयं आणि महागडे फ्लॅट आले. फुलांचे ताटवे, स्वच्छ पदपथ, पाळणाघरं, सगळं चकचकीत झालं, आणि डोकेवारी हिशेबात देशातल्या सर्वांत कर्जबाजारी शहरांत लवाल्वाचं नाव जाऊन बसलं. बाल्कानींना २०१९ मध्ये करचुकवेगिरीबद्दल शिक्षा झाली. फ्रान्सच्या अंतर्गत गुप्तचर खात्याचं मुख्यालयही आता याच शहरात आहे. लुईझ मिशेलनं यावर काय म्हटलं असतं, ते तुम्हीच ठरवा.

यात मला विचार करायला लावणारी गोष्ट अशी. गर्दी म्हणजे गरिबी, असं समीकरण आपण डोक्यात पक्कं करून ठेवलेलं असतं. लवाल्वा फिटर, लोहार आणि त्यांच्या बिऱ्हाडांनी भरलेलं होतं तेव्हाही दाट होतं, आणि आज वकील, बँकवाले, जाहिरातवाले राहतात तेव्हाही दाटच आहे. रस्ते तेच. बदललं ते दाराच्या आत कोण राहतं एवढंच. दाट वस्तीत सगळं पायी अंतरावर असतं. अडीच चौरस किलोमीटरच्या आत मेट्रोची तीन स्टेशनं आहेत. ही सोय एकेकाळी कामगाराला स्वस्तात मिळायची, आता तिचे पैसे मोजावे लागतात. घराचा दर पॅरिसच्या दराच्या मागोमागच चालतो.

आणि ती वेस? तट पहिल्या महायुद्धानंतर पाडला. जकात १९४३ साली गेली. तटाच्या पट्ट्यातून आता ३५ किलोमीटरचा वर्तुळाकार महामार्ग धावतो, १९७३ मध्ये पूर्ण झालेला. २०१६ पासून पॅरिस आणि भोवतालची सुमारे १३० नगरं मिळून एक महानगर संस्थाही झाली आहे, पण प्रत्येकाची नगरपालिका, महापौर आणि अंदाजपत्रक वेगळंच. त्यामुळं वेस कागदावर ठणठणीत जिवंत आहे. पॅरिसमध्ये जुलै २०१९ पासून घरभाड्याला सरकारी कमाल मर्यादा लागली. लवाल्वा त्यात नव्हतं. महामार्गाच्या आतल्या बाजूला घरमालकाला भाडं ठरवताना तक्ता बघावा लागतो. बाहेरच्या बाजूला, लवाल्वात, नव्या भाडेकरूशी बोलताना तो तक्ता त्याला लागू नाही.

नमस्कार.