खिडकीतली भुरी

(दृश्य: पुण्यातल्या फ्लॅटची उत्तरेकडची खिडकी. डिसेंबरची सकाळ. काचेला आतून वाफ धरली आहे.)

थंडी पडली की रात्री आम्ही सगळ्या खिडक्या लावून झोपतो. माझी झाडंही त्याच बंद खोलीत असतात: दोन बेगोनिया, एक कलांचो, एक जेड, आणि आईने दिलेला छोटा गुलाब. एकाला एक चिकटून, कारण खिडकीची फळी तेवढीच.

बेगोनियाच्या पानावर एक दिवस पांढरा गोल ठिपका दिसला. रांगोळी घातलेलं बोट कुणी टेकवून जावं, तसा. ओल्या फडक्याने पुसला, पान स्वच्छ झालं. पाच दिवसांनी त्याच पानावर तीन ठिपके होते आणि शेजारच्या देठावरही पांढरट लेप चढला होता.

माझे वडील, नाना, दिंडोरी तालुक्यात द्राक्षं पिकवतात. त्यांना फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन आला.

"अगं, ही भुरी आहे. पाणी तोडू नको. हवा दे."

(दृश्य: पानाचा जवळून फोटो. पांढऱ्या तंतूंचं जाळं.)

मी नेमकं उलटं करणार होते. भुरी ही एक बुरशीच, आणि बुरशी म्हटलं की आपल्याला ओल आठवते, म्हणून पहिला हात पाण्याच्या झारीवर जातो: पाणी कमी करायचं. पण भुरीचं गणित वेगळं आहे. बऱ्याच बुरशींच्या बीजाणूंना रुजायला पानावर पाण्याचा थर लागतो. भुरीचा बीजाणू लागेल तेवढं पाणी स्वतःबरोबरच घेऊन येतो. पान भिजून राहिलं तर उलट त्याचं रुजणं अडतं. तिला आवडतं कोरडं पान, रात्रीची दमट हवा, साधारण 20 ते 27 अंश तापमान, थोडी सावली आणि जागची न हलणारी हवा. आमची खोली तिला अगदी मानवली होती.

पांढरं दिसतं ते तिचं अंग. ती पानाच्या वरच राहते आणि बारीक शोषक अवयव फक्त सालीच्या पेशींत घालून अन्न ओढते. पान मेलं तर तिचंही पोट बंद होतं, म्हणून ती झाडाला एकदम मारत नाही. हळूहळू पिवळं करते, कोवळी पानं वाकडी करते, कळ्या उमलू देत नाही. आठवडाभरात एका ठिपक्यावर बीजाणूंच्या माळा तयार होतात. पंख्याचा झोत, अंगावरच्या साडीचा पदर, एवढंही त्यांना पुढच्या पानावर जायला पुरतं.

(दृश्य: भिंगातून एकेक पान पाहिलं जात आहे.)

पण प्रत्येक पांढरं म्हणजे भुरी नव्हे, आणि इथे घाई केली की झाडाला उगाच औषध बसतं. बोअरचं पाणी वाळलं की क्षाराचे डाग पडतात; त्यांना थेंबाची कड असते आणि ते वाढत नाहीत. पिठ्या ढेकूण कापसासारखा असतो, पानाच्या बेचक्यात बसतो. टोकाने उचकटला तर खाली किडा सापडतो, हाताला चिकटही लागतं. काही मांसल पानांच्या झाडांवर मुळातच मेणाची पांढरट झाक असते. ती सगळ्या पानांवर सारखी असते आणि पुसली की परत भरून येत नाही. भुरीचा ठिपका बोटाने पुसला जातो, पण खाली बऱ्याचदा फिकट डाग उरतो आणि चार-पाच दिवसांत ठिपका परत येतो. पुसायचं, तारीख लिहायची आणि वाट बघायची. याहून स्वस्त तपासणी मला माहीत नाही.

कलांचो आणि जेड मात्र चकवतात. त्यांच्यावर पांढरं फारसं दिसतच नाही. पानावर तपकिरी, खरबरीत खपल्या येतात, आणि आपण म्हणतो ऊन लागलं असेल. माझ्या कलांचोवर त्या खपल्या बेगोनियाच्याही आधीपासून होत्या. मी महिनाभर त्याला सावलीत सरकवत राहिले.

मला भीती होती की एकाची भुरी सगळ्यांना लागेल. पण सहसा तसं होत नाही. नानांच्या द्राक्षावरची बुरशी, एरिसायफी नेकॅटर, बेगोनियावर येत नाही. गुलाबाची वेगळी, काकडी-भोपळ्याची वेगळी. म्हणून आधी वेगळं करायचं ते त्याच जातीचं दुसरं झाड. माझा दुसरा बेगोनिया मी त्याच दिवशी स्वयंपाकघरात नेला.

(दृश्य: द्राक्षबाग. मांडवाखालून जमिनीवर पडलेले उन्हाचे कवडसे.)

द्राक्षाच्या भुरीची युरोपातली गोष्टही काचेच्या आडूनच सुरू होते. 1845 मध्ये इंग्लंडमधल्या मार्गेट गावी एडवर्ड टकर या माळ्याला काचघरातल्या वेलींवर ही पांढरी पूड दिसली. त्याने पाण्यात गंधक आणि चुना कालवून वेलींना दिला. पुढच्या काही वर्षांत फ्रान्सचे द्राक्षमळे भुरीने पोळून निघाले, आणि गंधक तिथे शेतकऱ्याच्या हातात कायमचं आलं. नानांच्या शेडमध्ये आजही गंधकाची पिशवी असते. पण ते तिच्याकडे नंतर वळतात. आधी घडाजवळची पानं काढतात, फुटी विरळ करतात. "मांडवाखाली उजेड पडला पाहिजे," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. ते माझ्या खिडकीलाही लागू पडेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

(दृश्य: कात्री, कागदी पिशवी, रिकामी होत जाणारी फळी.)

सगळ्यात खराब पानं न हलवता कापली आणि थेट पिशवीत टाकून तोंड बांधलं. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवलं. सकाळी दोन तास खिडकी उघडी. खत थांबवलं, कारण नत्र जास्त झालं की लुसलुशीत फूट येते आणि भुरी आधी तिच्यावरच बसते.

मग फवारणी. एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि द्रव साबणाचे चार थेंब. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबायचं, कारण सोडा जास्त झाला तर पानाच्या कडा करपतात. कुंडीतल्या मातीवर कागद झाकायचा. सोडियम मातीत साठणं मुळांना सोसत नाही. गुलाबावर ठिपका दिसला तेव्हा मी दूध वापरलं, एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा. ब्राझीलमध्ये वाग्नर बेतिओल यांनी 1999 मध्ये काचघरातल्या झुकिनीवर गाईच्या दुधाचा प्रयोग प्रसिद्ध केला, तोही भुरीसाठीच. वास येतो, हे खरं आहे. झाड गॅलरीत नेऊन फवारा.

गंधक घरात मारू नका, हे मी आग्रहाने सांगेन. ते उघड्यावर, लिटरला दोन ग्रॅम, तेही पारा तिशीच्या आत असताना. कडुनिंबाचं तेल फवारलं असेल तर मध्ये पंधरा दिवस जाऊ द्यायचे, नाहीतर पान भाजतं. आणि बागेतली आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरणारी, औषधं शेतासाठी आहेत. मूल झोपतं त्या खोलीत त्यांना जागा नाही.

(दृश्य: जानेवारी. बेगोनियाची नवी, तांबूस पालवी.)

जुन्या पानांवरचे डाग तसेच राहिले. ते जात नाहीत. बघायचं ते नव्या पानाकडे. कलांचो मात्र वाचला नाही. खोडापर्यंत खपल्या गेल्या होत्या. तो खताच्या डब्यात न घालता पिशवीत बांधून बाहेर दिला.

नाना दर रविवारी पालवीचा फोटो मागतात. या रविवारी पाठवला. त्यांनी मोठा करून पाहिला, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "खालचं तिसरं पान उलटं करून दाखव बरं."