काखेतला चौकोन

(दृश्य : रात्रीचं स्वयंपाकघर. ओटा पुसलेला. जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड, टाचण्या, स्टीलच्या डबीत मेणाचा खडा.)

रात्रीचे पावणेअकरा. उद्याची भाजी चिरून फ्रिजमध्ये गेली, मटकी भिजत पडली, मुलीची पाण्याची बाटली घासून पालथी घातली. आता हे टेबल माझं. फार तर साडेअकरापर्यंत. त्यानंतर सुईचं नाक एका जागी राहत नाही.

मी एका कंपनीत अकाउंट्स बघते. मार्चमध्ये मला या टेबलाचं तोंडही दिसत नाही, आणि दिवाळीआधी पंधरा दिवस इथे सोऱ्या बसतो. उरलेल्या वर्षात मी इथे अठराव्या शतकातले कपडे शिवते. लोकांना मी नुसतं "शिवणकाम करते" एवढंच सांगते. कारण "पेशवाईतला अंगरखा शिवतेय" म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "नाटकात असता का?" आणि दुसरा, "माझा ब्लाउज शिवून द्याल का?"

ब्लाउज मला येत नाही. खरंच येत नाही. शेजारच्या काकूंना वाटतं मी टाळते. शेवटी त्यांच्या तीन साड्यांना फॉल लावून दिला, तेव्हा बोलणं पूर्ववत सुरू झालं.

(दृश्य : जुना फोटो. शाळेचा रंगमंच, पगडी घातलेली सात वर्षांची मुलगी.)

सुरुवात या फोटोपासून झाली. शाळेत वेशभूषा स्पर्धा होती. मी जिजाऊंची नऊवार काढून ठेवली होती, पण लेकीनं साफ सांगितलं, "मला घोड्यावर बसणारं कुणीतरी व्हायचंय." म्हणजे बाजीराव. ड्रेपरीवाल्याकडून अंगरखा आणला. चकचकीत सॅटिन, गळ्याला सोनेरी लेस, आणि पुढे बंदांच्या जागी वेलक्रो. स्टेजवर तलवार उपसायला हात वर गेला आणि अंगरखा कर्रकन उघडला. आत शाळेच्या पीटीचा टीशर्ट.

बाजीराव गेले 1740 मध्ये. वेलक्रो आलं त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षांनी, तेही स्वित्झर्लंडमध्ये. हा हिशोब मी त्या रात्री केला. अकाउंट्सवाल्या बाईला राग आला की ती आकडे मांडते. पुढच्या रविवारी रविवार पेठेत कापडगंजात जाऊन पाच वार मलमल घेऊन आले. कशी कापायची ते माहीत नव्हतं.

(दृश्य : लॅपटॉपच्या पडद्यावर सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं चित्र. हळूहळू जवळ.)

हे चित्र बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या पुस्तकात पाहिलेलं असतं. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार 1791 मध्ये मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात, आणि त्यानं पेशव्यांच्या दरबारात बसून हे रंगवलं. मूळ चित्र लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. गळ्यातले मोती जवळजवळ मोजता येतात. तलम कापडाची चुणीन्‌चुणी दिसते.

शिवण मात्र कुठेच दिसत नाही. का दिसावी? चित्रकाराला पेशवे रंगवायचे होते, त्यांचा शिंपी नव्हे. मला नेमका शिंपीच हवा होता.

मग संग्रहालयं झाली. पुण्यात केळकर संग्रहालयात मी इतक्यांदा गेले की तिकीटखिडकीवर ओळख झाली. पण काचेआडचा कपडा समोरूनच दिसतो. आतली बाजू बघायला मान वाकडी करावी, गुडघ्यावर बसावं, तर मागून आवाज येतो, "मॅडम, काचेपासून लांब." बरोबर आहे त्यांचं. माझा श्वास लागून धुकं धरत होतं.

इंटरनेटवरच्या चित्रांनी आणखी एक दगा दिला. जाम्याचे, म्हणजे अंगरख्यासारख्या लांब घेरदार झग्याचे बंद हिंदूंनी डाव्या अंगाला आणि मुसलमानांनी उजव्या अंगाला बांधायचे, अशी मोगल काळातली चाल सांगतात. मी मोठ्या भक्तीनं एका चित्रावरून पडदा, म्हणजे छातीवरचा आतला तुकडा, बेतला, तो पडला उलट्या बाजूला. चित्रच कुणीतरी आरशातल्यासारखं उलटं करून टाकलेलं होतं. आता मी आधी तलवार कुठल्या कमरेला आहे ते बघते. सगळे सरदार एकदम डावखुरे दिसायला लागले, तर चित्र उलटं आहे.

(दृश्य : पोटमाळ्याखाली स्टूल. पांढऱ्या कापडाची फाटलेली बगल, जवळून.)

हा माझा पहिला पुरा झालेला अंगरखा. सात महिने लागले. खांदा, गळा, पडदा, सगळं चित्रासारखं. बाही मात्र मी नवऱ्याच्या शर्टावरून बेतली होती, कारण बाही ती बाही, त्यात काय वेगळं असायचं? नवऱ्याला घातला, फोटो काढले, आणि तेवढ्यात त्याला आठवलं की पोटमाळ्यावरचा गॅसचा रेग्युलेटर काढायचाय. हात वर केला.

टर्र.

त्या बिचाऱ्यानं आधी हात खाली घेतला नाही. तसाच उभा राहून म्हणाला, "किती फाटलं ते बघून सांग, मग मी हलतो."

दुसरा शिवला, तोही तिथेच फाटला. अंगरखा ढिला करून पाहिला, तर काखेत कापडाचा बोळा व्हायला लागला. मला वाटलं, मलमलच कच्ची. कापड बदललं. सहा वार खादी, पुन्हा तीच गत.

(दृश्य : सोलापूर. संक्रांतीची सकाळ. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, उंच नंदीध्वज, हलग्यांचा आवाज.)

माझं सासर सोलापूरचं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला आम्ही जातो. सोलापूरकर तिला गड्ड्याची यात्रा म्हणतात. लग्नानंतर दहा-अकरा वर्षं मी ती पाहत होते आणि मला एकदाही काही सुचलं नव्हतं, याची आज लाज वाटते.

सात नंदीध्वज, म्हणजे देवाच्या उंच काठ्या, निघतात. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या 68 लिंगांना प्रदक्षिणा घालतात. आणि ते उंच, जड नंदीध्वज ज्यांनी तोललेले असतात त्यांच्या अंगावर असते पांढरी बाराबंदी. बटण नाही, चेन नाही, नुसते बंद. पुण्यात मी जे काचेआड वाकून बघत होते, ते इथे घामानं भिजून माझ्यासमोरून चाललेलं. हात खांद्याच्या वर, सगळा जोर दंडात, आणि एकाचीही काख उसवलेली नाही.

मी गर्दीत माणसांच्या काखा बघत उभी होते. सासूबाईंनी कोपरानं ढोसलं.

दुपारी दिरांना घेऊन त्यांच्या शिंप्याकडे गेले. बोळातलं दुकान, सत्तरीचे मास्तर, भिंतीला टांगलेल्या दहा-बारा बाराबंद्या. मी माझा फाटका अंगरखा पिशवीतून काढला. मास्तरांनी तो हातात घेतल्याबरोबर उलटा केला. पुढची बाजू बघितलीसुद्धा नाही. बगलेतून बोट घातलं आणि म्हणाले, "वहिनी, ही तर शर्टाची बाही हाय. माणसानं हात वर करायचाच न्हाई का?"

मग भिंतीवरची एक बाराबंदी उतरवून त्यांनी तिची काख माझ्यासमोर धरली. बाही आणि अंग जिथे मिळतात तिथे कापडाचा एक लहान चौकोन. चार बोटं लांब, चार बोटं रुंद. ते त्याला चौबगला म्हणाले.

(दृश्य : टेबलावर कागदाचा चौकोन. हात तो कर्णावर दुमडतात, उघडतात.)

हे नीट दाखवते, कारण सगळी गोम यातच आहे.

शर्टाची बाही शिवायला कापडात गोल मुंढा, म्हणजे बाही बसवायची गोलाई, कापावा लागतो. गोल कापलं की कातरण पडते. जुन्या कपड्यात मुंढा नाहीच. अंग म्हणजे सरळ पट्टा, बाही म्हणजे सरळ पट्टा, दोन्ही काटकोनात जोडलेले. घेर हवा तर कळ्या, म्हणजे खाली रुंद होत जाणारे तिरके तुकडे, त्याही एका लांबट तुकड्याला तिरका काप देऊन एकातून दोन. कातरण जवळजवळ शून्य. माग हाताचा होता, विणकरानं धोटा एका हातानं टाकायचा आणि दुसऱ्या हातानं झेलायचा, म्हणून कापडाचा पन्हा त्याच्या दोन हातांच्या आवाक्याइतकाच. असलं कापड कोण कातरणीत घालवेल?

पण सरळ बाही सरळ अंगाला जोडली की हात वर करताना सगळा ताण एका टोकावर येतो. कापड तिथेच फाटतं. म्हणून त्या टोकाला हा चौकोन बसवायचा, कर्णावर दुमडून. हात खाली असला की तो काखेत मिटून बसतो, कुणाला दिसत नाही. हात वर गेला की उघडतो. आणि ताण पडतो तो उरेबवर, म्हणजे कापडाच्या तिरक्या रेषेवर. आडव्या-उभ्या सुतात कापड ताणत नाही, उरेबमध्ये ताणतं. रबर नसलेल्या काळातलं हे रबर.

दिसायला सोपं आहे. बसवायला महाकठीण. चारी कोपऱ्यांत सुई अगदी नेमक्या सुतावर थांबवावी लागते. एक सूत पुढे गेली तर चुणी, मागे राहिली तर भोक. मांजरपाटावर मी असे अकरा चौकोन बसवले. नववा जमला, दहावा बिघडला.

जाता जाता विचारलं, बाराबंदीला बंद बाराच का? मास्तर म्हणाले, मोजा की. मोजले. आठ होते. "गिऱ्हाइकाला घाई असती," म्हणाले.

(दृश्य : हात. अंगुस्तान घातलेलं मधलं बोट. दोरा मेणावरून ओढला जातो.)

हातानंच का शिवता, हा तिसरा नेहमीचा प्रश्न. सिंगरचं शिलाई मशीनचं पेटंट 1851 चं. पेशवाई 1818 मध्येच बुडाली. म्हणजे वेल्सच्या चित्रातली प्रत्येक टीप कुणाच्या तरी बोटांनी घातलेली. मी मशीनच्या विरोधात नाही. लेकीच्या युनिफॉर्मची खालची शिवण मी मशीनवर तीन मिनिटांत मारते. पण मशीनची टीप मलमलीला आवळते, कापड चालायचं थांबतं. हातशिलाईचा कपडा अंगावर पडतो कसा, हे घालून बघितल्याशिवाय पटत नाही, म्हणून वाद घालत नाही.

एका अंगरख्याला माझ्या मोजमापानं 22 वार शिवण भरली. वाराचे 36 इंच, इंचाला आठ टाके. सहा हजार तीनशे छत्तीस. रोज चाळीस मिनिटं मिळाली तर. रोज कुठली मिळायला? पाहुणे येतात, ताप येतो, क्लोजिंग येतं. कधी कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये मी अर्धी वीत शिवलेली आहे.

रंगाचं थोडक्यात. दुकानात जो झगझगीत जांभळा "ऐतिहासिक" म्हणून दाखवतात तो घेऊ नका. तसला पहिला रासायनिक जांभळा विल्यम पर्किनच्या हातून लंडनमध्ये 1856 साली, औषध करताना अपघातानं झाला. त्याआधी नीळ, मंजिष्ठा, हळद, कुसुंबा. मी बहुतेक पांढरंच शिवते. पांढऱ्यावर चूक लपत नाही, हे एक, आणि पांढरं स्वस्त पडतं, हे खरं कारण.

शब्द मात्र फुकट मिळाले. अस्तनीतले निखारे, असं मी शाळेपासून निबंधात लिहीत आले. अस्तनी म्हणजे बाही, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. पेशवेपदाची "वस्त्रं" मिळाली, असं इतिहासात वाचलं होतं. 1720 मध्ये शाहू महाराजांनी बाजीरावांना दिली ती वस्त्रंच. अधिकार कापडात गुंडाळून द्यायचा. आता तो शब्द वाचला की मी मनात विचारते, पन्हा किती असेल?

(दृश्य : सकाळ. खिडकीत हँगरला पांढरी बाराबंदी. सासूबाई कातरणीची पिशवी चाचपतात.)

गेल्या वर्षी सासूबाई इथे राहायला होत्या. मी काय शिवते याचं त्यांना कौतुक नव्हतं, तक्रारही नव्हती. माझ्या कातरणीवर त्यांचा डोळा होता, गोधडीसाठी. एक दिवस पिशवी झाडून म्हणाल्या, "हल्ली तुझ्याकडे चिंध्या पडत नाहीत गं."

दोन दिवस मी त्या वाक्यावर खूश होते.

(दृश्य : पुन्हा सोलापूर. तेच दुकान. बाहेर यात्रेची गर्दी.)

ही बाराबंदी दिरांसाठी. बंद बारा, मोजून. चौबगले दोन, त्यातला डावा चार वेळा उसवलेला. पुण्याहून येताना एसटीत मांडीवर घेऊन आले, घडी मोडू नये म्हणून. नवरा म्हणाला, एवढं लेकीला कधी सांभाळलं नाहीस.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. बाराबंदी हातात घेतली आणि उलटी केली. शिवणीवरून अंगठा फिरवत काखेपाशी आले, दोन बोटांनी चौकोन ताणला. सोडला. पुन्हा ताणला.

"दोऱ्याला मेण लावलंय?"

"लावलंय."

"मग ठीक," म्हणाले. बाराबंदी माझ्या हातात दिली आणि मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "हं, तुमचं काय?"