हॉटेलची दाल, घरचं पातेलं

(दृश्य: रात्रीचे साडेदहा. ओट्यावर पातेलं, पाण्यात बुडालेले काळे उडीद. बाजूच्या वाटीत मूठभर राजमा.)

ही पाचवी वेळ. याआधी चारदा मी घरी दाल मखनी केली आणि चारही वेळा घरातल्यांनी ती निमूटपणे ‘उडदाची आमटी’ म्हणून खाल्ली. कुणी नावं ठेवली नाहीत. ठेवली असती तर बरं झालं असतं.

हॉटेलात ती छोट्या हंडीत येते. चमचा तिरका केला तर पाण्यासारखी धार लागत नाही आणि पिठल्यासारखा गोळाही पडत नाही, ती सावकाश ओघळते. उडदाचा दाणा डोळ्यांना दिसतो, पण जिभेवर गेला की उरत नाही. लोणी भरपूर आहे हे कळतं, तरी वर तवंग नसतो. आपल्याला मिसळीच्या तर्रीची सवय. तेल वर आलं की रस्सा जमला असं आपण धरून चालतो. इथे उलटं आहे. लोणी वर आलं की समजायचं, दाल फसली.

(दृश्य: जुन्या दिल्लीतला रस्ता, संध्याकाळ. तंदूरच्या तोंडातून उडणाऱ्या ठिणग्या.)

या पदार्थाचा माग काढत गेलं की वाट दिल्लीच्या दर्यागंजला पोचते. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या कुंदनलाल गुजराल यांनी भागीदारांसोबत 1947 मध्ये तिथे ‘मोती महल’ सुरू केलं. तंदुरी चिकन, बटर चिकन आणि ही काळी दाल, तिघांचीही कीर्ती तिथून पसरली. दाल मखनी पहिल्यांदा नेमकी कुणी केली, यावरून मात्र भागीदारांच्या वारसांत जुंपली आहे. 2024 साली ते भांडण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. डाळीसाठी कोर्टाची पायरी चढणं कुणाला हास्यास्पद वाटेल. चार दाली बिघडवल्यावर मला तरी वाटत नाही.

पंजाबी घरांत ‘माह दी दाल’, म्हणजे उडदाची दाल, त्याच्या कितीतरी आधीपासून होतीच. टोमॅटो, लोणी आणि साय घालून हॉटेलवाल्यांनी तिला नटवलं. दिल्लीच्याच आयटीसी मौर्य या पंचतारांकित हॉटेलातल्या ‘बुखारा’त तर राजमाही घालत नाहीत. नुसते उडीद, आणि रात्रभराची मंद आच.

(दृश्य: फ्रीजवर चिकटवलेला कागद. चार तारखा, चार फुल्या.)

पहिल्या खेपेला मी तयार मसाल्याचं पाकीट आणलं. त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. तिसऱ्या खेपेला क्रीमचं अख्खं पाकीट ओतलं, तर दाल पांढुरकी झाली आणि दुधाळ लागली. चौथी करपली. लक्षात राहिली ती दुसरी.

त्या दिवशी घाई होती. उडीद, राजमा, टोमॅटो, आलं-लसूण, सगळं एकदम कुकरमध्ये टाकलं. आठ शिट्ट्या झाल्या, दहा झाल्या, उडीद आपले टणकच. मला वाटलं, वाण्यानं जुना माल गळ्यात मारला. जुनं कडधान्य शिजायला वेळ घेतं हे खरं, पण इथे वाणी निर्दोष होता. दाण्यातल्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिनमुळे. गरम पाण्यात पेक्टिन विरघळतं आणि दाणा मऊ पडतो. पाणी आंबट असेल तर ते विरघळायला का-कू करतं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियमही तोच घोळ घालतं. आमटीत चिंच-आमसूल डाळ शिजल्यावर पडतं ते याचसाठी. हे मला चांगलं माहीत होतं, फक्त टोमॅटोला मी आंबटात धरलंच नव्हतं.

(दृश्य: सकाळ. भिजलेल्या उडदांतून फिरणारी बोटं, अगदी जवळून.)

200 ग्रॅम उडीद, 50 ग्रॅम राजमा. रात्रीत दोन्ही टम्म फुगलेत. आता बोटांनी चाचपायचं. खड्यासारखा टोचतो तो गणंग: भिजत नाही, शिजत नाही, नेमका पाहुण्याच्या दाताखाली येतो. मटकी भिजवणाऱ्या प्रत्येकाची त्याच्याशी ओळख आहे. आज सात निघाले.

राजम्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक अपायकारक प्रथिन, असतं. अर्धवट शिजलेला राजमा पोटात गेला तर काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. ते निष्प्रभ होतं खळखळत्या उकळीनं, नुसत्या कोमट-गरम पाण्यात तासन् तास ठेवून नाही. तेव्हा ‘रात्रभर मंद आच’ हे शब्द ऐकून कुणी भिजवलेला राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकू नये. भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, ताजं घालायचं आणि प्रेशर कुकर लावायचा. आत तापमान 120 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, तिथे हा प्रश्न मिटतो.

पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग गॅस बारीक करून चाळीस मिनिटं. वाफ जिरल्यावर एक उडीद काढून अंगठा आणि तर्जनीत दाबला. साल निसटली, आतलं पीठ बोटाला लागलं. शिजली म्हणजे झाली, असं म्हणून आजवर मी इथेच फोडणीकडे वळत होते.

हॉटेलची दाल इथून पुढे सुरू होते.

(दृश्य: तंदूरमधले राखेखालचे निखारे. नंतर घरातल्या गॅसची निळी ज्योत.)

रात्री शेवटची रोटी निघाली की तंदूरमध्ये निखारे उरतात. त्या उरलेल्या आचेवर दाल ठेवून द्यायची, ही जुनी रीत. वेगळं जळण लागत नाही, कुणी राखण करायला नको, आणि सकाळपर्यंत दाल आपली बुडबुडत राहते. माझ्याकडे तंदूर नाही. 14.2 किलोचा सिलिंडर आहे आणि तो भर स्वयंपाकात संपेल ही कायमची धास्ती. म्हणून रात्रभर नाही, अडीच तास. पातेल्याखाली जुना लोखंडी तवा, बिर्याणीला दम देताना ठेवतात तसा. चौथी दाल करपली ती हा तवा नव्हता म्हणून.

आणि दर दहा मिनिटांनी घोटायचं. डावाच्या पाठीनं थोडी दाल कडेला दाबायची, पुन्हा सोडायची. सगळे दाणे फोडायचे नाहीत, साधारण तिसरा हिस्सा. फुटलेल्या दाण्यातलं स्टार्च आणि प्रथिनं पाण्यात उतरतात आणि दाल आपोआप दाट होत जाते. मिक्सर फिरवला तर चिकट लापशी होते. तेही एकदा करून झालंय.

(दृश्य: आईचा हात, डाव, पातेलं.)

आई ओट्याशी येऊन उभी राहिली. तिचं माहेर कराडकडचं. क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, “अगं, घुटं करतेयस की तू.”

उडदाचं घुटं. साताऱ्या-कोल्हापुराकडे घरोघरी होतं. डाळ शिजवायची, घोटायची, मिरची-लसणाचं वाटण घालायचं, फोडणी द्यायची आणि भाकरी कुस्करून ओरपायचं. नावातच घोटणं आहे. मी लहानपणापासून ते खातेय आणि चार दाली बिघडवताना मला ते एकदाही आठवलं नाही. आईनं माझ्या हातातला डाव काढून घेतला. तिचा हात वेगळा चालतो: मी दाबत होते, ती पातेल्याच्या अंगाशी घासत नेत होती. पंधरा-वीस मिनिटांत आवाज बदलला. आधी खळखळ होती. आता एक जाड बुडबुडा वर यायचा, जरा थांबायचा आणि ‘पुक्’ करून फुटायचा.

लोण्याची वडी मात्र तिला बघवेना. “एवढं?” “एवढं.” ती बाहेर जाऊन बसली.

(दृश्य: दुसऱ्या भांड्यात लाल होत जाणारं लोणी.)

75 ग्रॅम लोण्यातलं अर्धं इथे. त्यात आलं-लसणाची गोळी, काश्मिरी मिरचीची पूड, नसेल तर बेडगीची. या मिरच्यांचा रंग पाण्यात नाही, स्निग्धात उतरतो, म्हणून पूड आधी आणि मंद आचेवर. मागोमाग तीन टोमॅटोंचा गाळलेला रस, कच्चा वास जाऊन कडेनं लोणी सुटेपर्यंत. गरम मसाला नाही, कांदा नाही. यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. घालू देत.

हे सगळं दालीत गेलं की उरलेलं लोणी एकेक तुकडा करून, प्रत्येक तुकड्यामागे घोटत. बाजारच्या लोण्यात किमान 80 टक्के स्निग्धांश असतो, बाकी बहुतेक पाणी. एकदम टाकलं तर वितळून वर तरंगतं. थोडं थोडं घातलं तर दालीत आधीच उतरलेलं स्टार्च आणि प्रथिनं त्याचे बारीक थेंब धरून ठेवतात. तो न दिसणारा तवंग हाच. मीठ सगळ्यात शेवटी, कारण लोणी खारं आहे.

क्रीम दोन चमचे, पुरे. घोटायचं राहिलं त्याची भरपाई क्रीम करू शकत नाही. घाईच्या हॉटेलांत नेमकं तेच करून बघतात, आणि मग दाल खिरीच्या वाटेला लागते.

कसुरी मेथी तळहातावर चोळून. हे नाव आता पाकिस्तानात असलेल्या कसूर गावावरून पडलं, आपल्याकडे राजस्थानातलं नागौर तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. शेवटी धुंगार: दालीवर छोटी वाटी तरंगती ठेवायची, त्यात पेटता कोळसा, त्यावर तुपाचा थेंब, वर झाकण. दोन मिनिटं. आणखी ठेवलं तर विझलेल्या चुलीचा वास येतो.

(दृश्य: रात्रीची ताटं. पातेल्यात फिरणारा डाव.)

आज कुणी ‘आमटी’ म्हणालं नाही. हॉटेलसारखी झाली का? जवळजवळ. धूर वरवरचा लागला, आतपर्यंत मुरलेला नव्हता. अडीच तासांत तेवढंच.

(दृश्य: दुसऱ्या दिवशी दुपार. फ्रीजमधून काढलेला डबा.)

रात्रीत दाल इतकी घट्ट झाली होती की त्यात चमचा उभा राहिला. आधणाचं पाणी घालून, त्याच तव्यावर, पुन्हा अर्धा तास. रंग आणखी गडद झाला आणि धूर शोधावा लागला नाही.

आईनं ज्वारीची भाकरी कुस्करली, वर दाल ओतून घेतली, शेजारी बुक्कीनं फोडलेला कांदा. दोन घास झाले, तिसरा झाला.

“लसूण कमी पडलाय,” म्हणाली, आणि पातेलं आपल्याकडे ओढलं.