पाणी आलं, मोरी राहिली

मुंबईच्या १८९६ च्या प्लेगबद्दल बोलायचं तर बहुतेक वक्ते रँडपासून सुरुवात करतात. रँड पुण्यात होता आणि त्याची कथा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. मी मोरीपासून सुरुवात करणार आहे.

कावसजी दावर यांची ताडदेवची कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या चाळीस वर्षांत शहरात सत्तरच्या आसपास गिरण्या उभ्या राहिल्या. रत्नागिरीहून, साताऱ्याहून माणसं आली. १८९१ च्या जनगणनेत शहराची वस्ती आठ लाखांवर गेली होती. या माणसांना प्यायला पाणी हवं, म्हणून १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी आणलं, मग तुळशीचं, आणि १८९२ मध्ये तानसाचं. अभिमान वाटावा अशीच कामं आहेत ही. पण आत आलेलं पाणी वापरून झाल्यावर जाणार कुठे? गटारांचं काम नळांच्या कितीतरी मागे राहिलं. नळ आल्यावर माणूस पाणी जास्त वापरतो, आणि निचरा नसेल तर ते घराखालच्या जमिनीतच मुरतं. त्यातून भायखळा-वरळीकडचा सखल पट्टा म्हणजे भरतीच्या पातळीखालची जमीन. ती भरली कशानं, तर बऱ्याच प्रमाणात शहराच्या केरकचऱ्यानं. त्यावर गिरण्या, गिरण्यांच्या आजूबाजूला चाळी.

आता हाऊसगल्ली. मुंबईकरांना हा शब्द अजून ठाऊक आहे. दोन चाळींच्या पाठी एकमेकींकडे, मधे जेमतेम माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट. टोपलीचे संडास तिथे, मोऱ्यांचं सांडपाणी तिथे, आणि मागच्या खोल्यांच्या खिडक्याही तिथेच उघडायच्या. उघडायच्या म्हणजे नावाला. वासानं कोण उघडणार? वर लोकांनाच दोष, की हे खिडक्या बंद ठेवतात! मैला उचलायचं काम हलालखोरांकडे. ते एक दिवस आले नाहीत तर काय होईल, या धास्तीवर अख्ख्या शहराचं आरोग्य उभं होतं आणि त्या माणसांची वस्ती सगळ्यांत वाईट जागी. याच्यावर खरं तर वेगळं व्याख्यान व्हायला हवं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून धान्याच्या वखारी. वखारींतून आधी उंदीर मरून पडले, मग माणसं. पण त्या काळच्या अधिकाऱ्यांचा भरवसा नाकावर. घाण वास म्हणजे रोग. म्हणून गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडलं, भिंतींना चुना फासला, उजेड यावा म्हणून छपरांची कौलं काढली. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर इंग्रजी अक्षरं रंगवली. गटारातले उंदीर यामुळे उलट घरांत पळाले असावेत, असं आज म्हटलं जातं आणि मला ते पटतं.

रोग्याला उचलून इस्पितळात न्यायचं हे लोकांना मुळीच मान्य नव्हतं. तिथे अंगातली मोमियाई, म्हणजे औषधासाठी माणसाच्या अंगातलं तेल, काढतात, अशी वदंता होती. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. ज्या सरकारनं एवढ्या वर्षांत दारात गटार बांधलं नाही, ते एकाएकी घरात शिरून आजारी बाईला उचलतं, तेव्हा त्याच्या हेतूवर विश्वास कोण ठेवील?

मग शहर रिकामं झालं. फेब्रुवारी १८९७ पर्यंत निम्म्याच्या जवळपास माणसं गावी गेली, आणि अनेक जण प्लेगही सोबत घेऊन गेले. गिरण्या ओस पडू लागल्या तसे मालक रोजचा रोज पगार द्यायला तयार झाले. कामगारासाठी नाक्यावर अक्षरशः बोली लागत होती. एरवी मजुरीत आण्या-आण्यासाठी घासाघीस करणारे हेच लोक! १८९७ च्याच जानेवारीत ग्रँट मेडिकल कॉलेजात शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगवरची नवी लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली.

१८९८ मध्ये शहराच्या सुधारणेसाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पहिल्या काही वर्षांत ट्रस्टनं पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांहून अधिक होत्या. बेघर झालेली कुटुंबं शेजारच्या चाळीत शिरली, एका खोलीत दोन बिऱ्हाडं झाली. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले ते समुद्राचा वारा दाट वस्तीत खेळावा म्हणून. आणि १८९८ मध्येच कराचीत पॉल-लुई सिमों हा फ्रेंच डॉक्टर प्रयोगानं दाखवत होता की प्लेग पसरतो तो उंदरावरच्या पिसवेमुळे. त्याच्यावर बरीच वर्षं फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. रस्ते मात्र झाले. सँडहर्स्ट रोडला वारा आजही चांगला येतो.