बिअर्डेड ड्रॅगन एकावर एक बसतात तेव्हा

नमस्कार मंडळी. दर आठवड्याला तोच फोटो येतो: दिव्याखाली दोन बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे घरी पाळतात ते दाढीवाले सरडे, एक दुसऱ्याच्या पाठीवर, आणि सोबत, "किती प्रेम आहे बघा!" हे प्रेम नाही, दादागिरी आहे. आज यावरच बोलू.

मापं भराभर सांगते. एका मोठ्या प्राण्याला किमान १२० बाय ६० बाय ६० सेंटिमीटरचा टँक, ऊन खायच्या जागी ३८ ते ४२ अंश, थंड बाजूला पंचविसेक, आणि यूव्हीबीची, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, दिव्याची नळी. झालं.

हा ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या भागातला, एकट्यानं राहणारा प्राणी. समोर दुसरा आला की मान जोरात वरखाली करतो, दाढी, म्हणजे गळ्याखालची काटेरी कातडी, फुगवून काळी करतो. आपल्या कुंपणावरचा सरडाही मान हलवून हेच सांगतो, ही जागा माझी. दुबळा असतो तो पुढचा एक पाय उचलून हळूच फिरवतो आणि निघून जातो. टँकमध्ये जाणार कुठे? सरड्याची धाव कुंपणापर्यंत, इथे काचेपर्यंत.

म्हणून तो दबून राहतो. वरच्यानं दिव्याजवळची जागा बळकावलेली असते. खालच्याला ना ऊब, ना यूव्हीबी. ऊब नाही तर खाल्लेलं पचत नाही. यूव्हीबी नाही तर डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं मऊ पडतात.

यावर कमेंट ठरलेली: "पण खालचा शांत झोपलाय." अहो, चपटं पडून डोळे मिटणं ही बऱ्याचदा शरणागती असते. वरच्याला अर्धा तास बाहेर काढा. खालचा उठून अंग पसरून ऊन खायला लागला, तर समजून जा.

तरी पटत नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. दर आठवड्याला, त्याच वेळी, दोघांचं वजन ग्रॅममध्ये लिहा. एकाच वेळी जन्मलेली पिल्लं असून एक वाढतंय आणि दुसरं तिथेच, तर दुसरं दबलंय. चावाचावी दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, यांची मारामारी अशी बिनआवाजाची असते. दोन वाट्या ठेवूनही उपयोग नाही. दबलेला वाटीपर्यंत येतच नाही.

"दोन माद्या चालतील ना?" नाही, त्याही दादागिरी करतात. दोन नरांचा तर विषयच नको. नर-मादी एकत्र ठेवले तर नर मादीची मान चावून धरतो, पिच्छा सोडत नाही. एका खेपेला वीसेक अंडी, शिवाय शुक्राणू साठवून ती पुढच्या खेपाही घालते. तिचं कॅल्शियम संपत जातं. भुकेली पिल्लं भावंडांची बोटं, शेपटीची टोकं किडा समजून तोडतात. पालीची शेपटी परत येते, यांची येत नाही.

झुंज लागली तर हात घालू नका, मध्ये पुठ्ठा सरकवा. जखम सलाईननं धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. वाळू काढून पेपर टॉवेल अंथरा. टँकमध्ये जिवंत किडे मोकळे सोडू नका, ते जखम कुरतडतात. बोट किंवा शेपटी काळी पडत वर सरकली, तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या.

वेगळं करताना मध्ये काच नको. एकमेकांना दिसत राहिले तर ताण तसाच राहतो. आरपार न दिसणारा पुठ्ठा लावा, दोन्हीकडे स्वतंत्र दिवा आणि नळी द्या, तेही फक्त दुसरा टँक येईपर्यंत. वेगळं केल्यावर तीन-चार आठवड्यांत दबलेल्याचं वजन वाढलं नाही, तर त्याची विष्ठा तपासून घ्या. पोटात जंत असू शकतात.